गिऱ्हाइकाचा परवाना

परवाना हा शब्द फारसी. दरबाराचा हुकूम ज्या कागदावर लिहिला जाई, त्या कागदास परवाना म्हणत. तो हातीं असला, म्हणजे चौकीवरचा शिपाई वाट सोडी. नसला, तर ज्याच्या मनांत कोणतेंही पाप नाहीं असाही वाटसरू तेथेंच खोळंबे. राज्यें बदललीं, दरबार गेले, कचेऱ्या आल्या. परंतु परवान्याचा हा मूळ स्वभाव बदलला नाहीं. परवाना ज्याच्याजवळ नाहीं, त्यानें प्रथम स्वतःविषयीं खुलासा द्यावयाचा असतो.

व्यापाराच्या बाबतींत परवान्यांचे दोन प्रकार ध्यानांत घेतले पाहिजेत. एक विकणाऱ्याचा आणि दुसरा विकत घेणाऱ्याचा. पहिला इतका परिचयाचा आहे, कीं त्याविषयीं कोणी फारसा विचार करीत नाहीं. औषधांच्या दुकानांत भिंतीवर चौकटींत बसविलेला तो कागद दिसतो, आणि दृष्टि पुढें जाते. दुसरा प्रकार विरळा आहे. २००८ सालीं इंग्लंडमध्यें प्रोफेसर ज्यूलियन ल ग्रँड यांनीं अशी सूचना केली, कीं ज्याला तंबाखू विकत घ्यावयाची असेल त्यानें वर्षाला दहा पौंड भरून परवाना काढावा, आणि तो दाखविल्यावांचून दुकानदारानें त्याला माल देऊं नये. २०१२ सालीं ऑस्ट्रेलियांतील सायमन चॅपमन यांनीं हीच कल्पना अधिक तपशिलानें मांडली. दोन्ही सूचना कागदावरच राहिल्या. ऐकणाऱ्यांस त्या अगदीं नव्या वाटल्या असतील. परंतु महाराष्ट्रांतील एका जिल्ह्याच्या इतिहासांत त्यांचा जुना दाखला सांपडतो. पेण आणि रोहें हे तालुके ज्यांत मोडतात, तो जिल्हा पूर्वीं कुलाबा या नांवानें ओळखला जाई. १९८१ पासून त्याचें नांव रायगड. तेथें गिऱ्हाइकाच्या परवान्याचा अनुभव शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. तो तंबाखूच्या बाबतींतला नसून मोहाच्या फुलाच्या, आणि पुढें दारूच्या बाबतींतला आहे.

प्रथम तंबाखूची हकीकत पाहूं. अमेरिकेंतून निघालेलें हें पान पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरलें. अकबर बादशहाच्या अखेरच्या दिवसांत असद बेग नांवाच्या वकिलानें तें विजापुराहून मोगल दरबारीं नेलें. म्हणजे उत्तरेकडील बादशहाला ज्याची नवलाई वाटली, तें दक्षिणेंत आधींच रुळलें होतें. १६१७ सालीं जहांगीरानें तंबाखू ओढण्यास मनाई केली. तिकडे इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजानें १६०४ सालींच तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः पुस्तिका लिहिली होती. एवढ्यावर न थांबतां त्यानें पौंडामागें दोन पेन्स असलेली जकात सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. बादशहाचा हुकूम विरला आणि राजाची पुस्तिका ग्रंथालयांत राहिली. टिकून राहिली ती जकात. राजांस त्यांतून जो धडा मिळाला, तो त्यांनीं पुन्हां कधीं विसरला नाहीं. लोकांची संवय मोडणें कठीण. तिच्यावर कर बसविणें सोपें.

पुढील तीन शतकांचा तंबाखूचा इतिहास हा बहुतांशीं या धड्याचाच इतिहास आहे. गोव्यांत पोर्तुगीज राजाच्या नांवें तंबाखूचा मक्ता चाले. मुंबई शहरांत येणाऱ्या तंबाखूवरील जकातीसाठीं १८५७ सालीं स्वतंत्र कायदा झाला. इलाख्यांतील जिल्ह्यांसाठीं १९३३ सालीं तंबाखूचा निराळा कायदा आला, आणि खेड्यांतील किरकोळ दुकानदारासही परवान्याची ओळख झाली. महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, मध्यवर्ती सरकारनें तंबाखूवर अबकारी कर बसविला. तेव्हां पान सुकविणारा, वखारवाला आणि माल हलविणारा असे सर्वच सरकारी वहींत नोंदले जाऊं लागले. ज्यांच्या घराण्याचें रोह्याशीं नातें, ते चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ या काळांत देशाचे अर्थमंत्री होते; त्यांच्या अंदाजपत्रकांतही हा कर जमेची एक महत्त्वाची बाब होती.

परंतु या साऱ्या साखळींत एक कडी मोकळी राहिली. शेतकरी बांधला गेला, वखार बांधली गेली, दुकान बांधलें गेलें. गिऱ्हाईक मात्र बांधलें गेलें नाहीं. पेणच्या बाजारांत मिठागराचा मजूर दुकानाच्या फळीवर पैसा ठेवी, तंबाखूची पुडी उचली आणि चालूं लागे. तो कोण, कोठला, त्याचें वय काय, तो रोज किती खातो, हें विचारण्याचा अधिकार कोणासही नव्हता. कर त्यानेंही दिला होता, कारण तो पुडीच्या किंमतींत आलाच होता. पण कर देतांना त्याला आपलें नांव द्यावें लागलें नाहीं.

आतां मोहाच्या फुलाकडे वळूं. पेण आणि रोहें या तालुक्यांच्या एका अंगास खाड्या व खारजमिनी, तर दुसऱ्या अंगास डोंगर. त्या डोंगरांच्या उतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आणि ठाकरांची वस्ती. फाल्गुन-चैत्रांत मोहाची पानें झडतात आणि मांसल, गोड, फिकट पिवळीं फुलें रात्रीं उमलून पहांटे जमिनीवर पडतात. सूर्य वर येण्यापूर्वीं बायका-मुलें टोपल्या घेऊन तीं वेंचतात, आणि उन्हांत वाळवून ठेवतात. पावसाळ्याच्या तोंडीं, घरांत धान्य नसतें तेव्हां, तींच उकडून किंवा भाजून खावयाचीं. गुरें हडकलीं तर त्यांना घालावयाचीं. उरलीं तर वाण्याकडे नेऊन मीठमिरची आणावयाची. बियांचें तेल दिव्याला आणि अंगाला. याच फुलांची दारूही होते, आणि ती या वाड्यांत लग्नाला, देवाला व श्रमाच्या शिणाला पिढ्यान् पिढ्या लागत आली. एकाच टोपलींत अन्न, चारा आणि मद्य अशीं तिन्ही असत. कोणतें फूल कशासाठीं, हें फुलावर लिहिलेलें नसे.

१८७८ सालीं मुंबई सरकारनें अबकारीचा कायदा केला. त्यामागें चार्ल्स प्रिचर्ड या करड्या अधिकाऱ्याची योजना होती. घरोघर दारू गाळण्याची जुनी रीत बंद करावी, मोठ्या भट्ट्यांत ती गाळून मक्तेदारामार्फत विकावी, आणि प्रत्येक गॅलनमागें कर घ्यावा, अशी ही पद्धति होती. माडी-ताडीच्या झाडांवरही कर चढला, आणि किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांच्या धंद्यास त्याची झळ लागली. पेणच्या उत्तरेस असलेलें उरण हें मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्यांचें ठिकाण झालें. पिणें हा गुन्हा नव्हता. उलट दुकान उघडेंच होतें. गुन्हा होता तो स्वतःच्या चुलीवर गाळण्याचा.

या व्यवस्थेंत एक अडचण होती. मोह रानांत फुकट पडत होता, आणि गाळण्यास एक मडकें, एक नळी व थोडें पाणी पुरे होतें. मक्तेदाराच्या महाग दारूपेक्षां वाडींतली दारू स्वस्त. पोलिसांनीं किती चुली तपासाव्या? तेव्हां दारूवरून सरकारची नजर फुलावर गेली. १८९२ सालीं खास ठाणें आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीं मोहाचा कायदा मंजूर झाला. मोहाचीं फुलें जवळ बाळगणें, नेणें-आणणें आणि विकणें यांवर सरकारी परवान्याचें बंधन आलें. लगतच्या जिल्ह्यांत जें फूल केवळ फूल होतें, तें जिल्ह्याची हद्द ओलांडतांच मुद्देमाल होऊं लागलें.

या कायद्यानें काय केलें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. त्यानें दारू कमी व्हावी असें म्हटलें नाहीं. दारूचीं दुकानें चालूच होतीं. त्यानें एका घराला, त्या घरांत कांहीं वाईट घडण्यापूर्वींच, संशयाखालीं आणलें. कातकऱ्याच्या झोपडींत सुकलेल्या फुलांची टोपली दिसली, तर तीं दारूसाठीं नसून पोटासाठीं आहेत हें सिद्ध करणें कोणाचें काम? परवान्याच्या राज्यांत उत्तर एकच: ज्याच्याजवळ परवाना नाहीं त्याचें. आणि परवाना मागावयाचा तर कचेरी कोसभर दूर, अर्ज मोडींत, आणि अर्जदारास अक्षरओळख नाहीं. ज्याला रुपयाचा हिशोब कळत होता अशा मक्तेदाराच्या रक्षणासाठीं, ज्याला तो कळत नव्हता अशा माणसावर ही अट आली. गवत, लांकूड, मीठ आणि फूल, या चारही गोष्टींसाठीं शिपायाचें तोंड पाहावें लागणें म्हणजे काय, हें या जिल्ह्यांतील डोंगरकडच्या माणसास पुरतें ठाऊक झालें. १९३० सालीं सप्टेंबर महिन्यांत शेजारच्या चिरनेर येथें जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार होऊन माणसें पडलीं. त्या दिवसामागें अशा अनेक लहान-लहान अडवणुकींचा साठा होता.

स्वराज्याबरोबर दारूविषयींची नीति पालटली, आणि ती पालटण्यामागें खरी कळकळ होती, हें मान्य केलें पाहिजे. आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशीं गुत्त्यांत ठेवून येणारा बाप आणि घरीं वाट पाहणारी आई, हें दृश्य कोणी कल्पनेनें रचलेलें नव्हतें. दारूच्या दुकानांसमोर निरोधन करणाऱ्यांत स्त्रिया पुढें होत्या, त्याचें कारण हेंच. १९३९ सालीं बाळासाहेब खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळांत, डॉक्टर गिल्डर यांच्या पुढाकारानें, मुंबई शहरांत दारूबंदीचा आरंभ झाला. १९४९ सालीं मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि एप्रिल १९५० पासून सबंध राज्यांत पूर्ण बंदी लागू झाली. इंग्रजांनीं उत्पन्नासाठीं परवाना आणला होता. या सरकारनें उत्पन्नावर पाणी सोडून तो आणला. हेतूंत जमीन-अस्मानाचें अंतर होतें.

पण साधन तेंच राहिलें, किंबहुना अधिक धारदार झालें. आतां परवाना पिणाऱ्याच्या नांवाचा निघूं लागला. परदेशी पाहुण्याचा निराळा. डॉक्टरांच्या शिफारशीनें मिळणारा आरोग्याचा निराळा. घरांत अचानक कोणी आजारी पडल्यास ब्रँडी ठेवण्यासाठीं कुटुंबप्रमुखाला मिळणारा आणखी निराळा. आजारी माणसाच्या उशाशीं ठेवलेल्या बाटलीसाठीं घरधन्यानें सरकारदरबारीं नांव नोंदवावयाचें, ही गोष्ट पांढरपेशा घरांत प्रथमच आली. मोहाच्या टोपलीच्या मालकानें जें साठ वर्षें सोसलें, त्याची चव थोडीशी का होईना, शहरांतील शिकलेल्या माणसाला लागली. फरक एवढाच, कीं त्याला डॉक्टर ओळखीचा होता आणि अर्ज लिहितां येत होता. ज्याला हीं दोन्ही नव्हतीं, तो हातभट्टीकडे गेला.

शिकलेला माणूस न्यायालयांतही गेला. मुंबईच्या बलसारा यांनीं या कायद्याविरुद्ध दाद मागितली. २५ मे १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला; तो न्यायमूर्ति फजल अली यांनीं लिहिला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयानें उचलून धरला. मात्र ज्यांत अल्कोहोल असतें अशीं औषधें आणि कोलन वॉटरसारखीं प्रसाधनें बाळगण्यास व वापरण्यास केलेली मनाई त्यानें रद्द ठरविली. व्यसन थोपविण्याच्या नांवाखालीं औषधाच्या बाटलीपर्यंत जातां येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. मोहाचें फूल जेवणासाठीं वेंचणाऱ्याची बाजू अशी कोणी न्यायालयांत मांडली असती, तर ती याहून फार निराळी नसती.

यानंतर पुराव्याच्या ओझ्याचा प्रश्न आला. १९५१ सालीं मुंबईंत झालेल्या एका मोटार अपघातानंतर चालकाच्या तोंडाला वास आल्यावरून त्याच्यावर मद्यसेवनाचा खटला झाला. त्याचें म्हणणें, आपण अल्कोहोलयुक्त टॉनिक घेतलें होतें. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं त्यानें घेतलें तें मनाई केलेलें मद्यच होतें, हें सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आरोपीची नव्हे. सरकारनें १९५९ सालीं कायदा दुरुस्त केला. रक्तांत शेंकडा ०·०५ किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आढळल्यास, तें औषधांतून आलें हें दाखविण्याचा भार आरोपीवर पडला. न्यायालयानें जें ओझें एका खांद्यावरून काढलें, तें कायद्यानें पांच वर्षांत पुन्हां त्याच खांद्यावर ठेवलें. गिऱ्हाइकाच्या परवान्याची ओढ नेहमीं या दिशेनें असते.

१९६३ नंतर महाराष्ट्रांत बंदी पायरीपायरीनें सैल झाली आणि दुकानें पुन्हां उघडलीं. पण परवान्याची अट कायद्याच्या पुस्तकांत तशीच राहिली. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजन्म असे त्याचे प्रकार आहेत. आणि असंख्य माणसें तो न काढतां दारू विकत घेतात. ज्या अटीचा भंग सर्वजण करतात ती अट निरुपद्रवी आहे, असें समजणें मात्र चुकीचें ठरेल. ती निजलेली असते, मेलेली नसते. एखाद्याला अडकवावयाचें कोणाच्या मनांत आलें, कीं तिला जागें करतां येतें. शिवाय कायदा मोडण्याची संवय ही देखील एक संवयच आहे, आणि ती दारूइतकीच हळूहळू अंगीं मुरते.

एवढें पाहिल्यावर तंबाखूच्या परवान्याचा विचार करणें सोपें जाईल. तंबाखूचा अपाय खरा आहे. कर्करोगाच्या रुग्णालयांत ज्यांनीं आप्तेष्टांची सेवा केली, त्यांना तो सांगावा लागत नाहीं. म्हणूनच २००३ सालीं केंद्रानें कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांस विक्री नाहीं, शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत दुकान नाहीं, जाहिरात नाहीं. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागीं धूम्रपानाच्या मनाईची अंमलबजावणी कडक झाली. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यावर बंदी आली. हे नियम विकणारा, माल आणि जागा यांना बांधतात. दुसऱ्याच्या श्वासांत धूर सोडण्यास ते मनाई करतात, आणि ती योग्यच आहे. पण कोणी आपल्या घरीं काय करतो याची यादी ते ठेवीत नाहींत.

परवान्याचा पक्षही ऐकून घेतला पाहिजे. ल ग्रँड यांचें म्हणणें असें, कीं पुष्कळांना धूम्रपान सोडावयाचें असतें. अर्ज भरण्याचा कंटाळा त्यांना थोपवील, आणि ज्याला खरोखरच ओढावयाची आहे त्याला दहा पौंड देऊन ओढतां येईल. चॅपमन यांनीं तर परवाना परत करणाऱ्यास भरलेले पैसे व्याजासह परत देण्याची सोयही सुचविली होती. हे हेतु सात्त्विक आहेत. तसेंच घेणाऱ्याचा प्रत्येक परवाना त्याज्य असतो, असेंही नाहीं. डॉक्टरांची चिठ्ठी हा एका अर्थीं गिऱ्हाइकाचा परवानाच आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. पण ती चिठ्ठी देणारा रोग्याची नाडी पाहतो, त्याच्याच हितासाठीं बांधलेला असतो, आणि औषध संपलें कीं चिठ्ठीचें कामही संपतें. कचेरीच्या परवान्यांत नाडी पाहणारा कोणी नसतो. तेथें नोंद असते, आणि नोंद संपत नाहीं. कोण तंबाखू खातो याची यादी आज आरोग्यखात्याकडे असेल; उद्यां ती विमा उतरविणाऱ्याकडे किंवा नोकरी देणाऱ्याकडे जाणार नाहीं, असें आश्वासन आजचा मंत्री उद्यांच्या मंत्र्याच्या वतीनें देऊं शकत नाहीं. अर्जाचा कंटाळाही सर्वांना सारखा नसतो. जो लिहूं-वाचूं शकतो त्याला तो दहा मिनिटांचा. रोह्याच्या डोंगरांतून एक दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्याला तो दिवसाचा.

पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं १८९५ सालीं विनोबा भावे यांचा जन्म झाला. १९५१ सालीं भूदानाचा आरंभ करतांना त्यांनीं जमीन मागितली ती हात पसरून. देणाऱ्याच्या नकाराला त्यांत जागा होती, म्हणूनच त्याच्या होकाराला मोल होतें. व्यसनाच्या बाबतींतही समजावणें, शिकविणें, उपचार करणें आणि सोडणाऱ्यास हात देणें, हा मार्ग लांबचा आहे. पण त्या मार्गानें जो सुटतो, तो स्वतः सुटलेला असतो.

विकणाऱ्याच्या परवान्यानें व्यवहार बांधला जातो, घेणाऱ्याच्या परवान्यानें माणूस बांधला जातो. आणि एकदां बांधलेला माणूस सुटावयास फार काळ लागतो. मोहाच्या फुलावरचीं बंधनें महाराष्ट्र सरकारनें शिथिल केलीं तीं २०२१ सालीं. १८९२ पासून मोजल्यास हीं एकशें एकोणतीस वर्षें झालीं. ज्या मक्तेदारांसाठीं तो कायदा झाला ते केव्हांच गेले होते, ज्या सरकारनें तो केला तेंही गेलें होतें. कायदा तेवढा एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत राहिला. तंबाखूच्या गिऱ्हाइकाला परवाना लावण्याची सूचना पुन्हां कधीं पुढें आली, तर तिचे पुरस्कर्ते ती कशी अमलांत आणावयाची तें सांगतीलच. ती मागें केव्हां आणि कोणी घ्यावयाची, हें त्यांना आधीं विचारलें पाहिजे.